हिंगोलीच्या लेझरची चौकशी

हिंगोलीला चाललेय असं सांगितलं की पुण्यात प्रत्येक जण विचारायचा, "औंढ्याच्या दर्शनाला का?" मी "नाही, लेझर बघायला" म्हणाले की बोलणं तिथेच संपायचं. मे महिना होता. दर्शनाला जाणाऱ्याला निदान गाभाऱ्यात गारवा मिळतो. मला जायचं होतं पत्र्याच्या छपराखालच्या एका प्रयोगशाळेत, आणि तेही माझ्याच विद्यार्थिनीने खोटेपणा केलाय की काय हे बघायला.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही पाण्यात बुडवलेल्या धातूच्या पट्टीवर लेझरचे झटके मारतो. प्रत्येक झटक्याला पट्टीवरून अगदी थोडा धातू उडतो आणि पाण्यात त्याचे कण होतात, केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी बारीक. हे नॅनोकण. पट्टी जस्ताची असेल तर पाण्यात जस्ताचं ऑक्साइड तयार होतं. त्याच पाण्यात मग चांदीची पट्टी ठेवून झटके मारले तर ऑक्साइडच्या कणांवर चांदीचे दाणे बसतात. असे जोडकण उन्हात ठेवले की पाण्यातले जंतू मारतात, म्हणून त्यांना महत्त्व.

वंदना खंदारे हिंगोलीच्या एका कॉलेजात शिकवते. वय सेहेचाळीस. सहा वर्षं ती माझ्या हाताखाली पीएच.डी. करत होती. आमच्याकडे नवा लेझर आला तेव्हा जुना तिच्या कॉलेजला दिला आणि त्या जुन्या लेझरवर तिने असे सुरेख जोडकण बनवले की मीच चकित झाले. पिवळे, एकसारखे, न गोळा होणारे, महिनोन् महिने पाण्यात तरंगत राहणारे. तिने बाटल्या पुण्याला पाठवायच्या, आम्ही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढायचे, असं चालायचं. प्रबंध विद्यापीठात गेला. आणि परीक्षकाचं पत्र आलं: प्रबंधात दिलेल्या कृतीने आमच्याकडे हे कण होत नाहीत, तुम्ही पुन्हा करून दाखवा.

आम्ही पुण्यात नव्या लेझरवर तीनदा केलं. तिन्ही वेळा करडं, गढूळ पाणी आणि सकाळी तळाशी गाळ.

मग विभागात कुजबुज सुरू झाली. लेझर नुसता नावाला असेल, रसायनं घालून बाटलीत कण बनवले असतील आणि पाठवले असतील. मी आधी रागावले, मग गप्प झाले, आणि खरं सांगायचं तर एका संध्याकाळी मलाही तसंच वाटू लागलं. वंदनाला फोन केला, "मी येतेय. माझ्या डोळ्यांसमोर करायचं." ती म्हणाली, "या मॅडम."

कनेरगाव नाका

पाण्यात फरक असेल ही शंका राहू नये म्हणून मी पुण्याहून अतिशुद्ध पाण्याचे पाच-पाच लिटरचे दोन कॅन घेतले. शिवाय आमच्याच जस्त-चांदीच्या पट्ट्या आणि लेझरची ताकद मोजायचं यंत्र. एवढं सगळं घेऊन मी रात्रीच्या गाडीत बसले आणि सकाळी डोळे उघडले ते वाशिमला. विद्यार्थ्याने तिकीट काढताना भलतीच गाडी निवडली होती. ड्रायव्हर म्हणाला, "हिंगोलीची दुसरी व्हती मॅडम, आमच्या मागूनच निघाली." जणू ती मागून येऊन मला उचलून नेणार होती.

वाशिमहून हिंगोलीची एसटी मिळाली. कनेरगाव नाक्याला ती एका ढाब्यासमोर धूर सोडत थांबली. कंडक्टरने खाली उतरून चाकाकडे पाहिलं, वर आला आणि म्हणाला, "उतरा समदे. चहा प्या." किती वेळ लागेल ते त्याने सांगितलं नाही. आमच्याकडे गाडी बंद पडली की लोक आधी कंडक्टरशी भांडतात. इथे सगळे खरोखरच उतरून चहा प्यायला लागले.

ढाबेवाल्याने माझे कॅन पाहिले. "तेल हाय का?"

"पाणी."

"पुण्याहून पानी आनलं?" तो हसला नाही, त्याला खरंच काळजी वाटली. "काहून? इथं बी पानी हाय की मॅडम. बोअरला गोड पानी हाय."

मी समजावलं की हे प्यायचं पाणी नाही, यात क्षार नाहीत, काहीच नाही. त्याने ते शांतपणे ऐकलं आणि शेजारच्या बाकावरच्या माणसाला सांगितलं, "यायच्या पान्यात काहीच न्हाई म्हनते." दोघांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. भजी मात्र उत्तम होती, मिरचीही तळून दिलेली. हळदीने भरलेले टेम्पो एकामागून एक धूळ उडवत जात होते आणि त्या गरम धुळीला हळदीचा उग्र वास होता. मी वंदनाला फोन केला, आणि दोन तासांनी तिचा भाऊ मिलिंद मोटरसायकल घेऊन मला न्यायला आला. हिंगोलीत त्याचं मोटारी रिवाइंडिंगचं दुकान आहे, जळलेल्या पंपांना नवी तार भरून देतो.

"जय भीम मॅडम," म्हणत त्याने दोन्ही कॅन दोरीने टाकीवर बांधले. मी मागे, मांडीवर ताकद मोजायचं यंत्र, डोक्यावर ओढणी, तोंडात वाळू. हिंगोली येईपर्यंत मी मनातल्या मनात परीक्षकाला, तिकीट काढणाऱ्या विद्यार्थ्याला आणि वंदनाला आळीपाळीने बोलत होते.

हिंगोली, शुक्रवार

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात पोचले तेव्हा वंदना दारातच उभी होती. सुती साडी, केस घट्ट बांधलेले, हातात किल्ल्यांचा जुडगा. प्रयोगशाळा तिने झाडूनपुसून लखलखीत ठेवली होती. लेझरवर धुतलेलं पांढरं कापड. आमच्या प्रयोगशाळेत तो धूळ खात पडायचा, हे मला तेव्हा आठवायला नको होतं.

"चहा घेता का आधी?"

"आधी काम," मी म्हणाले.

काम सुरू व्हायच्या आधीच पहिला अपघात झाला. खोलीत भयंकर उकडत होतं. प्रयोगशाळेचे शिपाई मौला मामू, साठीला टेकलेले, अतिशय मायाळू गृहस्थ. मी कपाळ पुसतेय हे पाहून ते गेले आणि थोड्या वेळाने कूलरमधून थंडगार वारा यायला लागला. मला बरं वाटलं. मग माझं लक्ष कोपऱ्यात गेलं. एक कॅन रिकामा आडवा पडला होता.

"मामू! हे पाणी?"

"कूलर सूखा था मॅडम. नळ को पानी नहीं आया आज." मग माझा चेहरा पाहून घाबरून, "अच्छा पानी था ना? साफ था, म्हनून डाला."

पुण्याहून रात्रभर सांभाळत आणलेलं पाणी गवताच्या जाळीवरून ठिबकत होतं. मला ओरडावंसं वाटलं. मामू इतके कानकोंडे झाले होते की ओरडताही येईना. उरलेला कॅन मी उचलून माझ्या खुर्चीखाली ठेवला आणि तीन दिवस तो तिथून हलू दिला नाही.

मग मी सांगितलं, "प्रयोग मी करणार. प्रबंधात लिहिलंय तसाच. तू फक्त बघ."

वंदनाने तोंड उघडलं, मग मिटलं. "बरं."

मी पट्टी बसवली, भिंग जुळवलं, ताकद मोजली. ताकद प्रबंधात होती तेवढीच भरली. प्रबंधातली कृती सरळ होती: जस्ताच्या पट्टीवर पंधरा मिनिटं झटके, मग त्याच पाण्यात चांदीच्या पट्टीवर पंधरा मिनिटं. संरक्षक चष्मा लावून मी लेझर सुरू केला. पाण्याखाली पट्टीवर निळसर पांढरी ठिणगी थरथरायला लागली, तडतड तडतड असा तो ओळखीचा आवाज आला, आणि माझा राग जरा निवळला. या आवाजावर माझं वीस वर्षांचं प्रेम आहे.

सहाव्या मिनिटाला लेझरच्या पोटातली घंटा वाजली आणि तो आपोआप बंद पडला.

लेझर गरम होतो, म्हणून त्याच्याभोवती थंड पाणी फिरवणारं एक यंत्र असतं, चिलर म्हणतात त्याला. या लेझरचा चिलर जुना, त्यात व्होल्टेज कमी, त्यात बाहेरचा तो उन्हाळा. पाणी तापलं की चिलर हात टेकतो.

"मॅडम, त्याला जरा दम घेऊ द्या," वंदना म्हणाली. "मी नेहमी—"

"दम घेऊन चालणार नाही. पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा मिनिटं. मध्ये बंद पडला तर प्रयोगाला अर्थ काय?"

पुन्हा सुरू केला. सातव्या मिनिटाला घंटा. पुन्हा. पाचव्या मिनिटाला घंटा. दुपारपर्यंत चार वेळा पाणी फेकलं आणि चार वेळा पट्ट्या घासून पुसल्या. तीन वाजता वीज गेली. साडेचारला आली. तोवर मी परीक्षकाला विसरून फक्त त्या चिलरचा द्वेष करत होते.

शेवटी वंदनाने मिलिंदला फोन केला. तो आला, यंत्राच्या पाठीवर हात ठेवून डोळे मिटून उभा राहिला आणि म्हणाला, "मोटर चांगली हाय. पानी तापून राहिलं. याला बरफ पाहिजे." पाऊण तासात तो बर्फाच्या कारखान्यातून पोत्यात गुंडाळलेली लादी घेऊन आला. चिलरची नळी बर्फाच्या पिंपातून फिरवली, दुकानातला मोठा स्टॅबिलायझर आणून जोडला. आणि मग लेझर चालला. पंधरा मिनिटं जस्त, पंधरा मिनिटं चांदी, घंटा नाही, काही नाही. मामू दर दोन मिनिटांनी पिंपात बर्फाचे तुकडे टाकत होते.

शेवटचा झटका झाला तेव्हा मी दिवा लावून काचेचं भांडं उचलून धरलं.

करडं, गढूळ. पुण्यात होतं अगदी तसं.

कोणत्या रंगाचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या रसायन विभागातल्या प्रकाशमापकात मी नमुना घातला. चांगल्या चांदीच्या कणांचा आलेख चारशे नॅनोमीटरच्या आसपास नीट उंचवटा दाखवतो. इथे नुसती पसरट, लोळलेली रेघ. लेझर तोच, पट्टी तीच, पाणी शुद्ध, कृती प्रबंधातली. मग ते पिवळे, देखणे कण आले कुठून?

मी वंदनाकडे पाहिलं. ती भांडं धूत होती, पाठ माझ्याकडे.

पुसेगाव, शनिवार

शनिवारी दिवसभर वीज नव्हती, कुठेतरी तारांचं काम निघालं होतं. मला लॉजवर पडून राहायचं होतं, पण मिलिंद दारात. "आईनं बोलावलं. भाकरी खाऊन घ्या." नाही म्हणायला मला कारण सुचेना. रागावलेल्या माणसाने ज्याच्यावर राग आहे त्याच्याच घरी जेवायला जाणं यासारखी कुचंबणा नाही.

पुसेगाव सेनगावच्या वाटेवर आहे. घर चार खोल्यांचं, नवं, समोर कडुनिंब. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो आणि त्यांच्याखाली वंदनाच्या पदव्या फ्रेम करून टांगलेल्या: बी.एस्सी., एम.एस्सी., बी.एड. चौथी जागा रिकामी, खिळा ठोकून तयार. मी त्या खिळ्याकडे पाहायचं टाळलं.

वंदनाच्या आईने ताटात ज्वारीची भाकरी, बेसन, वांग्याची भाजी, कांदा आणि शेंगदाण्याचा ठेचा वाढला. आमच्याकडे पिठलं म्हणतात ते इथलं बेसन, पण आमचं पिठलं याच्यापुढे आजाऱ्याचं पथ्य वाटावं. ठेच्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या माऊलीने ते पाहिलं आणि गुळाचा खडा ठेवला. "आमची वंदना म्हनते, मॅडमनीच शिकवलं समदं." मी खाली मान घालून भाकरी मोडत राहिले.

जेवण झाल्यावर आई आतल्या खोलीत आडवी झाली. ओट्यावर आम्ही तिघं. मला आणखी गप्प राहवेना.

"वंदना, मी एकदाच विचारते. ते नमुने लेझरनेच केले होतेस ना?"

तिच्याआधी बोलला तो मिलिंद.

"म्हंजे?"

"म्हणजे रासायनिक पद्धतीने केले असतील तर आत्ता सांग. मी काहीतरी मार्ग काढेन."

"मार्ग!" मिलिंद उठून उभा राहिला. "मॅडम, राग नका येऊ देऊ. सहा वर्सं माही बहीन त्या यंत्रापाशी बसून राहिली. लेकराचं लगन होतं त्या दिवशी बी सकाळी जाऊन आली. पुण्यात चांगलं निघालं तं ते विज्ञान, अन् आमच्याकडं चांगलं निघालं तं तुमाला शंका येती. व्हय का न्हाई?"

"मिल्या, बस," वंदना म्हणाली. आवाज अगदी खालचा. मग माझ्याकडे वळली. "मॅडम, काल दिवसभर तुमी मला हात लावू दिला न्हाई. तीनदा बोलायला गेले, तीनदा गप केलं. मी जसं करते तसं करून दाखवू का? का आधीच निकाल लावलाय?"

निकाल मी जवळजवळ लावला होता. उन्हात दूर कुठेतरी कोणी हळद शिजवत असावं, त्याचा दमट, मातकट वास येत होता. मी म्हणाले, "उद्या कर."

"उद्या रविवार हाय. मामूला सांगते, उघडतील."

हिंगोली, रविवार

सकाळी सात वाजता वंदनाने प्रयोग सुरू केला. पाणी मी दिलं, माझ्या खुर्चीखालचं. पट्ट्या माझ्या. बर्फ तिने नको म्हणून सांगितलं. मी हातात वही घेऊन तिच्या खांद्याशी उभी राहिले. काही लपवालपवी झाली तर नजरेतून सुटू नये, हा माझा विचार. लिहायला लाज वाटते, पण तोच होता.

ठिणगी, तडतड. पाच मिनिटं झाली आणि तिने लेझर स्वतःच बंद केला.

"का थांबलीस?"

"आता घंटा वाजेल. त्याच्या आधी बंद करायचं. बारा मिनिटं निवू द्यायचं."

तिने भिंग पुसलं, भांडं हलकेच हलवलं, पट्टीवर साचलेले बुडबुडे सुटू दिले, आणि मामूंनी आणलेला चहा माझ्या हातात दिला. मी धुसफुसत घेतला. बारा मिनिटांनी पुन्हा पाच मिनिटं. पुन्हा बंद. पुन्हा चहा. मी म्हणाले, "असं किती वेळा?"

"जस्ताला तीन खेपा, चांदीला तीन. मिळून तीस मिनिटं होतात, प्रबंधात आहेत तेवढी."

माझ्या डोक्यात काहीतरी हललं, पण मी अजून चिडलेलीच होते आणि चिडलेल्या माणसाला स्वतःच्याच डोक्यातलं ऐकू येत नाही. चांदीच्या पहिल्या खेपेला दुधट पाण्यात फिकट पिवळी धार उठली. दुसऱ्या खेपेला ती पसरली. तिसऱ्या खेपेनंतर वंदनाने भांडं खिडकीशी नेलं. स्वच्छ, एकसारखा पिवळा रंग, तळाशी कणभरही गाळ नाही. मामू जवळ येऊन बघून म्हणाले, "हळदी का पानी हो गया."

प्रकाशमापकावर चारशेच्या जवळ नीट, देखणा उंचवटा आला. मी तो आलेख दोनदा काढला. मग खुर्चीत बसले.

आता सगळं सरळ दिसत होतं. सलग झटके मारले की एवढ्याशा पाण्यात उष्णता साचते, बुडबुडे पट्टीवर बसतात, आधी झालेले कण पुन्हा लेझरच्या वाटेत येतात आणि एकमेकांना चिकटून गोळे होतात. मध्ये थांबलं की पाणी निवतं, कण पसरतात, ऑक्साइड नीट बसतं आणि मग चांदीला त्यावर जागा मिळते. नेमकं किती कशामुळे, यावर आम्ही अजून वाद घालतो. पण विश्रांती हाच फरक होता. आमच्या नव्या लेझरला विश्रांती लागतच नव्हती, म्हणून आम्ही ती कधी दिली नाही.

मग माझा राग पुन्हा उसळला, आणि यावेळी मला तो अगदी न्याय्य वाटला.

"वंदना, एवढी महत्त्वाची गोष्ट! ही प्रबंधात का नाही लिहिलीस? तीन महिने आपण मान खाली घालून बसलोय. एक वाक्य लिहायला काय झालं होतं?"

तिने कपाटातून एक जाड फाइल काढून आणली. प्रबंधाचा पहिला मसुदा, माझ्या लाल शाईने भरलेला. तिसरं प्रकरण तिने उघडलं आणि बोट ठेवलं.

वाक्य होतं: 'चिलर तापत असल्याने लेझर दर पाच मिनिटांनी बारा मिनिटे बंद ठेवला.' त्यावर लाल रेघ. समासात माझं अक्षर: 'अनावश्यक. अशा अडचणी प्रबंधात सांगू नयेत. काढा.'

अक्षर माझंच होतं. तो दिवस मला आठवत नाही. असे शेकडो शेरे मी मारते, बहुधा चहा पिता पिता. मला ते वाक्य गरिबीचं रडगाणं वाटलं असणार. नवं यंत्र असलेल्या माणसाला जुन्या यंत्राची कहाणी ऐकायची नसते.

"मग मला सांगायचं होतंस," मी कशीबशी म्हणाले.

"तुमीच काढलं म्हंजे त्याचा काही संबंध नसेल, असं वाटलं. तुमी गाइड." फाइल मिटत ती म्हणाली, "अन् पुण्यात सलग करून राहिले हे मला कोनं सांगितलं? तुमी फक्त म्हनलं, येत न्हाई."

तेही खरं होतं. मी विचारलं नव्हतं, ती काय करते. मी तिला फक्त माझा निष्कर्ष कळवला होता.

मामू रिकामे कप गोळा करून हळूच बाहेर गेले.

हिंगोली बस स्टँड

माझी गाडी संध्याकाळी सहाची होती. यावेळी तिकीट वंदनाने तपासलं. स्टँडवरच्या बाकड्यावर आम्ही दोघी बसलो. ऊन उतरलं होतं तरी सिमेंट तापलेलंच. पलीकडे रसवंतीचं घुंगरू वाजत होतं.

"मला माफ कर," मी म्हणाले. आयुष्यात विद्यार्थ्याला हे शब्द मी पहिल्यांदाच म्हटले असतील.

"माफीचं ठीक हाय, मॅडम. पन परीक्षकाला कोन सांगनार?"

"मी. पोचल्यावर लिहिते."

"आत्ताच लिवा." तिने पर्समधून कोरा कागद आणि पेन काढलं. घरून निघतानाच घेतलं असणार.

मांडीवर फाइल ठेवून मी लिहिलं. रविवारचा प्रयोग कसा झाला, काय दिसलं, दोन आलेख जोडतेय. मग शेवटचा परिच्छेद: 'विश्रांतीचा उल्लेख उमेदवाराने मूळ मसुद्यात केला होता. मार्गदर्शक या नात्याने तो माझ्याकडून अनवधानाने वगळला गेला.'

वंदनाने कागद घेतला, सावकाश वाचला. मग माझ्या हातातून पेन घेऊन एका शब्दावर रेघ मारली.

"अनवधानानं न्हाई. तुमी वाचलं, विचार केला अन् काढलं. वगळला गेला न्हाई, तुमी वगळला. तसं लिवा."

मला क्षणभर भयंकर राग आला. बत्तीस वर्षं शिकवतेय मी. स्टँडवरच्या त्या गर्दीत माझी विद्यार्थिनी माझं पत्र तपासत होती. मी म्हणाले, "याचा अर्थ काय होतो कळतंय तुला? माझ्या नावावर राहील हे."

"इतके दिवस माह्या नावावर होतं ना."

गाडी लागली होती. कंडक्टर हिंगोली-पुणे, हिंगोली-पुणे ओरडत होता. मी शेवटचं वाक्य पुन्हा लिहिलं: 'तो मी अनावश्यक समजून काढून टाकला. चूक माझी आहे.' सही केली. वंदनाने मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला आणि कागद घडी करून माझ्या हातात दिला. मग खाली वाकून माझी पिशवी उचलली आणि गाडीत वर ठेवून आली. तेवढं झाल्यावर ती गाडी सुटेपर्यंत थांबली नाही.

पुणे

पुण्यात आम्ही नव्या लेझरला मुद्दाम थांबवत थांबवत प्रयोग केला. पहिल्याच दिवशी पिवळं पाणी. सूक्ष्मदर्शकाखाली ऑक्साइडच्या करड्या कणांवर चांदीचे काळे ठिपके नीट बसलेले दिसले, वंदनाच्या जुन्या फोटोंसारखेच. माझं पत्र विद्यापीठात पोचलं, विभागात सगळ्यांनी वाचलं, आणि चार-पाच आठवडे चहाच्या वेळी माझ्या टेबलावर कोणी फारसं बसत नव्हतं.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी वंदनाला विचारलं, "ही विश्रांतीची पद्धत तुम्हाला कशी सुचली?" माझ्या मनात उत्तरं तयार होती, चांगली शास्त्रीय, भारदस्त. ती म्हणाली, "सुचली नाही सर. आमचा चिलर तापायचा. म्हणून थांबावं लागायचं. थांबल्यावर कण चांगले येतात हे मला माहीत नव्हतं, कारण न थांबता मी कधी केलंच नव्हतं." सभागृहात हशा पिकला. परीक्षक मात्र हसले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढचा अर्धा तास फक्त त्यावरच प्रश्न विचारले. तिला सगळे आले.

पदवी मिळाली. आता ती स्वतः गाइड आहे आणि तिच्याकडे कळमनुरीची एक मुलगी संशोधन करते. मध्यंतरी मी फोन करून म्हणाले, तिचा मसुदा माझ्याकडे पाठव, नजर टाकते. वंदना म्हणाली, "नको मॅडम. आधी तिच्यासंगं यंत्रापाशी बसते, ती काय करते ते बघते. मग वाचते." आणि खुशाली विचारून, सगळ्या आदराने, तिने फोन ठेवला. पूर्वी फोन मी ठेवायचे.